रिपोर्ट आला आणि उपचार बदलले

या महिन्याच्या टपालात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरची पत्रं एवढी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. सोलापूर जिल्ह्यात राहून या आजाराचं काम करणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. पत्रं वेगवेगळ्या घरांतली असली तरी बहुतेकांच्या मनातला सल एकच आहे: आधी एक सांगितलं, मग दुसरं, आता तिसरंच. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्या घराकडे वेळ थोडा आहे.

प्रश्न : मॅडम, माझे वडील 54 वर्षांचे. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर काम करतात. तंबाखूचा मावा खाण्याची सवय फार जुनी. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला डाव्या गालात आतून फोड आला, तो बरा होईना. तुकडा तपासायला दिला, कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, ऑपरेशन करू, बहुतेक तेवढ्यावर भागेल. ऑपरेशन झालं, गालात मनगटाजवळची कातडी लावली, मानेतल्या गाठी काढल्या. आता काढलेल्या भागाच्या तपासणीचा मोठा रिपोर्ट आलाय (फोटो सोबत जोडला आहे) आणि तेच डॉक्टर म्हणतात, 30 लाईट घ्यावे लागतील, शिवाय दर आठवड्याला केमोचं सलाईन. काका म्हणतात, हे लोक असंच वाढवत नेतात. शेजारच्या आजोबांचं वीस वर्षांपूर्वी नुसतं ऑपरेशन झालं होतं, ते अजून ठणठणीत आहेत. अप्पा म्हणतात, मला आता काही नको, मागावर जाऊ द्या. ऑपरेशनला तीन आठवडे झाले. आमच्यापासून काही लपवलं होतं का?
– एक मुलगी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आधी तारखेचं बोलते, बाकीचं नंतर. ऑपरेशनच्या दिवसापासून साधारण सहा आठवड्यांच्या आत लाईट, म्हणजे रेडिएशन, सुरू व्हायला हवं. तुमचे तीन आठवडे गेले. उरलेल्या तीन आठवड्यांत दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं आहे, चेहऱ्याचा मास्क बनवायचा आहे, तो मास्क घालून पुन्हा स्कॅन काढायचा आहे आणि त्या स्कॅनवर डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ मिळून किरणांचा नकाशा आखणार आहेत. या सगळ्याला दहा-बारा दिवस सहज जातात. काकांशी वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, पण दातांच्या डॉक्टरांची वेळ आज घ्या. किडलेले, हलणारे दात रेडिएशनच्या आधी काढावे लागतात आणि ती जखम भरायला दोनेक आठवडे द्यावे लागतात. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा दात काढला तर हाडच कुजू शकतं, आणि ते दुखणं फार वाईट असतं.

आता लपवण्याचं. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी नीट वाचला. गालातला रोग 8 मिलिमीटर खोल गेलेला होता, कापलेल्या कडा मोकळ्या आहेत, मानेतून काढलेल्या 34 लसिका गाठींपैकी 2 गाठींत रोग आहे आणि त्यातल्या एका गाठीत तो गाठीचं कवच फोडून बाहेर पडलेला आहे. यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ऑपरेशनच्या आधी ती कुणालाच वाचता आली नसती. स्कॅनमध्ये आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. चार-पाच मिलिमीटरच्या गाठीत रोग शिरलेला असला तरी स्कॅनवर ती गाठ निरोगी गाठीसारखीच दिसते. कवच फुटल्याची सूक्ष्म खूण तर पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी गाठीचे पातळ काप करून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते. तुमच्या डॉक्टरांनी आधी सांगितलं ते तोपर्यंतच्या माहितीवर, आता सांगतात ते नव्या माहितीवर. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांनी वापरला होता, तो तुम्ही पत्रात प्रामाणिकपणे लिहिलात. घाबरलेल्या घरात तो शब्द ऐकू येत नाही, यात तुमचा दोष नाही. आम्ही डॉक्टरांनी तो दोनदा उच्चारायला हवा आणि ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं की खरी पायरी मोठ्या रिपोर्टनंतर ठरेल. मी हे माझ्या विद्यार्थ्यांना बजावून सांगत आले आहे.

केमो का जोडली, तेही सांगते. पूर्वी अशा रुग्णांना ऑपरेशननंतर नुसतं रेडिएशन देत. 2004 मध्ये युरोपातला एक आणि अमेरिकेतला एक असे दोन मोठे अभ्यास एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. दोन्हींत काही रुग्णांना रेडिएशन आणि काहींना रेडिएशनच्या जोडीने सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं होतं. दोन्ही अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं की कडेला रोग राहिलेले आणि गाठीचं कवच फुटलेले, या दोन प्रकारच्या रुग्णांना सिस्प्लॅटिनचा खरा फायदा होतो. अप्पा यातल्या दुसऱ्या प्रकारात मोडतात. कवच शाबूत असतं तर तुमच्या डॉक्टरांनी केमोचं नावही काढलं नसतं. ज्याला उपचार वाढवत न्यायचे असतात तो सगळ्यांनाच वाढवतो. इथे वाढ कुठे करायची आणि कुठे नाही हे रिपोर्टमधल्या एका ओळीने ठरवलं आहे, हे काकांना ती ओळ दाखवून सांगा.

त्या जुन्या अभ्यासांत सिस्प्लॅटिनची मोठी मात्रा तीन आठवड्यांतून एकदा देत. ती अंगाला फार लागते: उलट्या, किडनीवर ताण, कानात आवाज. 2022 मध्ये जपानमधून अशाच ऑपरेशन झालेल्या रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात दर आठवड्याला दिलेली लहान मात्रा मोठ्या मात्रेपेक्षा कुठे कमी पडली नाही. म्हणून अप्पांना दर आठवड्याचं सलाईन सांगितलं आहे. आधी किडनीची आणि कानांची तपासणी करून घ्या. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान बहुतेक वेळा आधीच अधू झालेले असतात, आणि सिस्प्लॅटिन त्यात भर घालतं. ऐकण्याचा रिपोर्ट खराब आला तर डॉक्टर औषध बदलतील. डोसेटॅक्सेलचा पर्याय मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या अभ्यासाने दिला आहे, 2023 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तसं झालं तर ‘पुन्हा बदललं’ म्हणून घरात भांडण नको.

शेजारच्या आजोबांचं ऐकून मला आनंद झाला. त्यांचा रोग गाठींपर्यंत गेलेला नसणार. पण वीस वर्षांपूर्वी आपण त्यांच्यासारख्या रुग्णांच्या बाबतीत एक जुगार खेळत होतो. तोंडातला रोग लहान आणि मान हाताला मोकळी लागली, तर गाठी काढायच्या की नुसतं लक्ष ठेवायचं यावर एकमत नव्हतं. अनेक जण लक्ष ठेवत आणि गाठ आली की मग मान उघडत. टाटा रुग्णालयातच डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला, 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, थांबून पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव. आपल्याच माणसांवर, आपल्याच तंबाखूच्या रोगावर केलेला हा अभ्यास जगभरच्या डॉक्टरांनी मानला. अप्पांची मान उघडली म्हणूनच त्या दोन गाठी सापडल्या. आजोबांच्या काळातल्या पद्धतीने गेलो असतो तर त्या आत वाढत राहिल्या असत्या.

अप्पांना मागावर जायचं आहे, म्हणून त्यांच्या खांद्याबद्दल सांगते. 1906 मध्ये क्राईल नावाच्या अमेरिकन सर्जनने मानेच्या गाठी काढायची जी पद्धत सांगितली, तीत गाठींबरोबर मानेतली मोठी शीर, जाड स्नायू आणि खांदा उचलणारी नस असं सगळंच जात असे. मी शिकत होते तेव्हाही ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालू होती. रोग बरा व्हायचा, पण त्या बाजूचा खांदा खाली लोंबायचा, हात खांद्याच्या वर जायचा नाही. विणकराचा हात गेला की घर बसतं, हे मी साखर पेठेतल्या घरांतून पाहिलं आहे. आता शक्य असेल तिथे ती नस वाचवतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ती वाचवल्याचं लिहिलं आहे. तरी ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते आणि काही महिने खांदा जड राहतो. आजपासून फिजिओथेरपी सुरू करा. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंतीवर चढत हात वर न्यायचा आणि पोचला तिथे पेन्सिलीची खूण करायची. अप्पांना रोज ती खूण वर सरकलेली दिसली की उपचारांवरचा विश्वासही थोडा सरकेल.

तोंडाचा व्यायाम याहून महत्त्वाचा. मावा खाणाऱ्याच्या गालाचं अस्तर सुपारीमुळे आधीच ताठ झालेलं असतं, त्यावर ऑपरेशन, त्यावर रेडिएशन. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये बसतील तेवढ्या सरकवा. समजा आज बारा बसल्या. तेवढ्या धरून पाच मिनिटं थांबायचं, मग मधोमध आणखी एक हळूच घुसवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ नको. दिवसातून चार-पाच वेळा. टाके पूर्ण भरलेत का हे सर्जनला विचारून सुरुवात करा. काड्यांची संख्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एखाद्या आठवड्यात ती घटली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जा. हा व्यायाम रेडिएशन संपल्यावरही वर्षानुवर्षं करायचा असतो, कारण रेडिएशनमुळे येणारा ताठरपणा सावकाश, महिन्यांनी येतो. उपचार संपले म्हणून काड्या फेकून दिलेले रुग्ण वर्षाने माझ्यासमोर बसतात तेव्हा चमचासुद्धा तोंडात जात नसतो.

रेडिएशनचे 30 दिवस सारखे नसतात. आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. पहिला दीड-दोन आठवडे काहीच होत नाही आणि घरच्यांना वाटतं, उगाच घाबरवलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलतं, चव जाते, लाळ चिकट दोऱ्यासारखी होते. शेवटचा आठवडा आणि संपल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात कठीण. त्या दिवसांत कडक भाकरी, शेंगाचटणी, मिरची, लिंबू काहीच चालणार नाही. पातळ ज्वारीची आंबील, मऊ मुगाची खिचडी, अंडं, दूध, दही द्या. भाजलेल्या शेंगदाण्यांचं अगदी बारीक कूट दुधात किंवा आंबिलीत मिसळून गाळून द्या, घोटभरात बरंच बळ जातं. आपल्या घरात शेंगदाणे नाहीत असं होत नाही. वजन दर आठवड्याला करायचं. फार उतरलं तर नाकातून नळी घालतील. ती नळी म्हणजे शेवट आला असं अप्पांना वाटेल, आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. त्यांना आधीच सांगून ठेवा की ती काही आठवड्यांची असते. नळी असली तरी पाण्याचे घोट गिळत राहायचं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. गिळणारे स्नायू वापरात राहिले नाहीत तर नंतर गिळायचं पुन्हा शिकावं लागतं.

याच काळात आणखी एक बदल होऊ शकतो. वजन उतरलं, सूज ओसरली की मास्क सैल होतो. तेव्हा मध्येच नवा स्कॅन, नवा मास्क, नवा नकाशा करावा लागतो. किरण मिलिमीटरच्या हिशेबाने आखलेले असतात. लाळेच्या ग्रंथी आणि मणक्यातली नस वाचवून रोगाच्या जागेवर पोचायचं असतं. जुन्या कोबाल्ट मशीनवर हे जमत नव्हतं, दोन्ही बाजूंनी सरसकट किरण जात आणि तोंड जन्मभर कोरडं राही. आजच्या आयएमआरटी पद्धतीत, म्हणजे किरणांचा जोर जागेनुसार कमी-जास्त करण्याच्या पद्धतीत, लाळ बऱ्याच अंशी वाचते, पण त्यासाठी मास्क घट्ट बसायला हवा. एकच गोष्ट सोडायची नाही: खाडा. लाईटचा दिवस चुकला की उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. सण, लग्न, पाऊस, काही असो. मशीन बंद पडलं तर तो दिवस शनिवारी भरून देतील का, हे तुम्हीच विचारा.

काकांच्या शंकेला मान द्यायचा असेल तर दुसरं मत जरूर घ्या. रुग्णाचा तो हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. सोबत नुसता रिपोर्ट नेऊ नका. पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या, मेणाचे ठोकळे आणि स्कॅनची सीडी मागून घ्या. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयात एका दिवसात जाऊन येता येईल. मुंबईला जायचंच असेल तर या आठवड्यात जा, आणि इकडे दात आणि मास्कचं काम थांबवू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. ऑपरेशनची मंजुरी वेगळी, रेडिएशनची वेगळी, केमोची वेगळी असते, तेव्हा आधीच्या मंजुरीवर विसंबून राहू नका.

मावा. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर डोळ्यांदेखत सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकमध्ये घोटून मिळतो, आणि मागावरच्या रात्रपाळीत तो पाण्यासारखा फिरतो. याचा मला मनापासून संताप आहे. अप्पांवर रागावू नका, तलफ ही ताकदीची गोष्ट नाही. पण त्यांच्या जोडीदारांना जाऊन भेटा आणि सांगा की पुडी पुढे करू नका. अप्पा मागावर परत जाणार आहेत तेव्हा हे काम त्यांच्या आधी तुम्हाला करून ठेवायचं आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय 77. 1993 मध्ये घशाच्या कॅन्सरमुळे माझं स्वरयंत्र काढलं. मानेतल्या छिद्रातून श्वास घेतो, गळ्याला यंत्र लावून बोलतो. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला तोच आजार झाला. त्याचं स्वरयंत्र काढलं नाही. सात आठवडे रेडिएशन आणि केमो दिली, आज तो फोनवर बोलतो. मला त्याच्याबद्दल असूया नाही, पण रात्री विचार येतो. माझा आवाज उगाच गेला का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले. याचं खरं उत्तर द्यायला तुमचे 1993 चे कागद लागतील. तरी जे माहीत आहे ते सांगते.

1991 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून 332 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वरयंत्राचा वाढलेला कॅन्सर असलेल्या निम्म्या रुग्णांचं स्वरयंत्र काढून रेडिएशन दिलं, निम्म्यांना आधी केमो आणि मग रेडिएशन दिलं. दोन वर्षांनी दोन्हीकडे सारखेच, 68 टक्के, हयात होते, आणि दुसऱ्या गटातल्या 64 टक्के रुग्णांचं स्वरयंत्र जागेवर होतं. जीव वाचवायचा तर आवाज द्यावाच लागतो ही समजूत तिथे पहिल्यांदा मोडली. केमो आधी न देता रेडिएशनच्या सोबतच द्यावी, म्हणजे स्वरयंत्र आणखी जास्त जणांचं वाचतं, हे 2003 च्या अभ्यासाने दाखवलं. तुमच्या सहकाऱ्याला मिळाले ते हे उपचार. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिला अभ्यास येऊन दोनच वर्षं झाली होती. असे उपचार करायला रेडिएशनची चांगली सोय, केमो सांभाळणारी माणसं आणि रोग परतला तर तातडीने स्वरयंत्र काढू शकणारा सर्जन, हे तिन्ही एका ठिकाणी लागतात. त्या काळात ते फार थोड्या जागी होतं. तुमच्या सर्जनने त्या वेळचा प्रस्थापित उपचार केला.

आणि आजही काही रुग्णांचं स्वरयंत्र काढावंच लागतं. रोग कूर्चा फोडून बाहेर गेला असेल, किंवा स्वरयंत्र आधीच निकामी होऊन अन्न श्वासनलिकेत उतरत असेल, तर मी आजही काढायलाच सांगते. वाचवलेलं स्वरयंत्र काही जणांना पुढे गिळायचा त्रास देतं, वारंवार न्यूमोनिया होतो. त्यामुळे फोनवरच्या आवाजावरून दोन रुग्णांची तुलना करता येत नाही. 1993 पासून आजवर तुम्ही हयात आहात, वाचता आहात, इतकं नेटकं पत्र लिहिता आहात, याचा त्या ऑपरेशनशी सरळ संबंध आहे.

एक काम मात्र करा. खिशात मराठीत एक कार्ड ठेवा: ‘मी नाकातोंडाने श्वास घेत नाही. मानेतल्या छिद्रातून घेतो. प्राणवायू तिथेच द्या.’ चक्कर आली, अपघात झाला, तर धावून येणारा माणूस तुमच्या नाकावर मास्क धरेल आणि त्याचा काही उपयोग होणार नाही. घरच्यांनाही हे शिकवून ठेवा. अंघोळीला छिद्रात पाणी जाणार नाही असा आडोसा वापरता ना, ते चालू ठेवा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचा जिभेचा कॅन्सर दीड वर्षाने मानेत परत आला. आधी ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं झालं आहे. आता मुंबईच्या डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या आणि तीन आठवड्यांनी एक छोटं इंजेक्शन. सलाईन नाही, भरती नाही. हात वर केले का त्यांनी?
– मंगळवेढा

उत्तर : ताई, हात वर केलेले नाहीत. पण उद्देश बदललेला असू शकतो आणि तो तुम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे.

परत आलेल्या रोगात पहिला प्रश्न असतो, तो पुन्हा कापून पूर्ण निघेल का. याचं उत्तर सर्जननेच द्यायचं असतं. मिस्टरांचा नवा स्कॅन सर्जनने पाहिला आहे का, हे पुढच्या भेटीत विचारा. निघण्यासारखा नसेल तर मग औषधं. तुम्ही लिहिलेल्या गोळ्यांच्या नावांवरून हे मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबवर आधारलेले उपचार आहेत. टाटा रुग्णालयात नेमकी हीच तुलना झाली होती: एका गटाला तीन आठवड्यांतून एकदा सिस्प्लॅटिनचं सलाईन, दुसऱ्याला या दोन स्वस्त गोळ्या. 2020 मध्ये निकाल आला. गोळ्यांवरच्या रुग्णांचा मधला आयुष्यकाळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो) साडेसात महिने होता, सलाईनवाल्यांचा सहा महिन्यांच्या थोडा वर, आणि त्रास गोळ्यांवर कमी होता. पुढे त्याच डॉक्टरांनी या दोन गोळ्यांत एर्लोटिनिब ही तिसरी गोळी घालून केलेल्या उपचाराला निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या, औषधाची अगदी लहान मात्रा जोडली: तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी. एका वर्षाने नुसत्या गोळ्यांवरचे 16 टक्के हयात होते, इंजेक्शन जोडलेले 43 टक्के. तुमचं ते छोटं इंजेक्शन म्हणजे बहुधा हेच. ज्या औषधाच्या पूर्ण मात्रेची किंमत ऐकून शेतकरी घर परत फिरतं, त्याचा काही लाभ आपल्या माणसांपर्यंत आणायची वाट या लोकांनी शोधली, आणि मला त्यांचा फार अभिमान आहे.

आकडे मी मुद्दाम लपवले नाहीत. हे उपचार वेळ आणि आराम देतात, रोग समूळ घालवण्याची आशा त्यात फार थोडी असते. मिस्टरांना किती सांगायचं हे त्यांनाच विचारून ठरवा. ‘तुम्हाला सगळं जाणून घ्यायचं आहे का?’ एवढंच विचारा, बहुतेक माणसं स्वतः सांगतात. वेदना असतील तर मॉर्फिनच्या गोळीला घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीत ती नीट चालते.

एक फार महत्त्वाचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतली तर ती तोंड आणि रक्त दोन्ही जाळते, जीवावर बेततं. वार ठरवा, समजा सोमवार, आणि ती पाकिटं बाकीच्या गोळ्यांपासून वेगळी, तुमच्या ताब्यात ठेवा. औषधाच्या दुकानदाराकडून चिठ्ठीवर मराठीत ‘फक्त सोमवारी’ लिहून घ्या.

प्रश्न : तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपून अडीच वर्षं झाली. काहीच त्रास नाही. तरी तपासणीला बोलावतात. किती दिवस चालणार हे? हल्ली थकवा फार येतो आणि वजन वाढलंय, ते वयामुळे असेल ना?
– पंढरपूर

उत्तर : रोग परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. तो टप्पा तुम्ही ओलांडलात, म्हणून आता तारखा लांब लांब पडतील: पाच वर्षांपर्यंत साधारण चार ते आठ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. ती वर्षातली तपासणी मात्र सोडायची नाही, कारण तंबाखूने सगळं तोंड आणि घसा पोळलेला असतो आणि दुसऱ्या जागी नवा रोग उगवू शकतो. थकवा आणि वजन मात्र वयावर ढकलू नका. मानेला रेडिएशन मिळालं की थायरॉईड ग्रंथी हळूहळू मंदावते, कधी कधी काही वर्षांनी. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं काम दाखवणारं संप्रेरक, तपासायला हवं. ते वाढलेलं आणि थायरॉईड मंदावलेली निघाली तर डॉक्टर रोजची एक गोळी देतील आणि थकवा बराचसा जाईल. ही रक्ताची साधी तपासणी आहे, पंढरपुरातच होते, उपाशीपोटी जायचीही गरज नाही.